घरातलं लॅटिन

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे पाडे, कापसाची शेतं, मुकुटबनचा सिमेंट कारखाना आणि आदिलाबादकडे जाणारी रेल्वे एवढीच या तालुक्याची बाहेरच्यांना ओळख. ख्रिस्ती म्हटलं की इकडच्या माणसाला पांढरकवड्याजवळचं उमरीचं मिशन हॉस्पिटल आठवतं. जुन्या मंडळींना यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी आठवते. १९५३ पासून तीस वर्षं ती तिथे होती, १९८३ मध्ये पुण्याला गेली. या दोन्ही संस्था प्रॉटेस्टंट. कॅथलिकांचा वावर या बाजूला तुरळकच.

तरीही कॅथलिक चर्चच्या नकाशावर हा कोपरा बघण्यासारखा आहे. यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९५५ मध्ये नागपूरमधून वेगळा निघाला आणि त्याची उपासनापद्धत लॅटिन, म्हणजे रोमची. शेजारच्या चंद्रपूरचा चांदा धर्मप्रांत १९६२ पासून केरळच्या सीएमआय या संघाच्या फादरांनी उभा केला. त्याचं मुख्यालय बल्लारपूरला आणि पद्धत सीरो-मलबार, म्हणजे संत थॉमसचा वारसा सांगणारी, सिरियाक वळणाची. आदिलाबाद १९९९ मध्ये या चांद्यातूनच वेगळा झाला, तोही सीरो-मलबार. म्हणजे नदी ओलांडली की पोप तोच राहतो, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बदलते. या दोन पद्धतींत लग्न झालं तर मूल कुठलं, याचा नियमही ठरलेला आहे. मूल बापाच्या परंपरेत जातं, आईबापांनी मिळून ठरवलं तर आईच्या. आपल्याकडे आडनाव आणि कुळाचार जसे चालतात, त्यातलाच हा प्रकार.

हे सांगायचं कारण असं की जुन्या वळणाचं कॅथलिकपण पाळणारा माणूस आणि त्याच्याशी सहमत नसलेलं त्याचं घर, हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: धर्म बदललेला माणूस आणि रडणारं घर. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढची पाच वर्षं तो घेतला नाही. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे ते घर मराठी वाचकाच्या इतकं ओळखीचं झालंय की दुसरं काही सुचतच नाही. पण टिळक प्रॉटेस्टंट होते आणि त्यांचं भांडण हिंदू घराशी होतं. कॅथलिकांच्या घरांतली भांडणं वेगळ्या जातीची आहेत. तिथे दोन्ही बाजू गळ्यात क्रूस घालतात, दोन्ही बाजू मारियेला हात जोडतात आणि दोघीही म्हणतात, परंपरा आमची. आपल्या मुलखात तर ‘कॅथलिक परंपरा’ ही एकच एक वस्तू कधी नव्हतीच, असं माझं मत होत चाललंय.

मुंबईचंच बघा. दादरच्या पोर्तुगीज चर्चचा बसस्टॉप मुंबईतल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. चर्चचं खरं नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन. आजची इमारत चार्ल्स कोरियांनी १९७० च्या दशकात रचली. बुधवारी माहीमला सेंट मायकलच्या नोव्हेनासाठी लागणारी रांगही सगळ्यांना ठाऊक असते. ती नोव्हेना १९४८ मध्ये सुरू झाली आणि रांगेत अर्धेअधिक लोक बिगरख्रिस्ती असतात. या दोन चर्चमध्ये चालत जाण्याइतकं अंतर आहे. पण १७९४ पासून बराच काळ ही दोन वेगळ्या सत्तांची ठाणी होती.

एक सत्ता पाद्रोआदो. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेला हा जुना अधिकार, त्याप्रमाणे इथले बिशप आणि पाद्री गोव्याकडून नेमले जायचे. दुसरी सत्ता प्रोपागांडा, म्हणजे रोमच्या धर्मप्रसार खात्याने थेट पाठवलेले बिशप. मुंबई इंग्रजांच्या हातात गेल्यावर त्यांना गोव्याहून येणाऱ्या पाद्र्यांवर पोर्तुगीज राजाची छाया नको होती. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवलं आणि रोमच्या कार्मेलाइट बिशपाला बोलावलं. लोकांनी कुरकुर केली. १७८९ मध्ये चर्च पुन्हा गोव्याकडे गेली, दोन वर्षांत परत फिरवली गेली. शेवटी १७९४ मध्ये कंपनी सरकारने सरळ वाटणीच केली: दादरचं साल्व्हेशन आणि माझगावचं ग्लोरिया पाद्रोआदोला, भुलेश्वरचं एस्पेरान्सा आणि माहीमचं सेंट मायकल प्रोपागांडाला. भाऊबंदकीत विहीर आणि आंब्याची झाडं वाटतात तशी चार चर्च वाटली गेली.

पण चर्च वाटली तरी माणसं वाटायची कशी? इथे गोम होती. अधिकार जमिनीवर नव्हता, माणसावर होता. गोव्याहून आलेला माणूस मुंबईत कुठेही राहो, तो गोव्याच्या पाद्र्याचा. त्यामुळे एका गल्लीत, एका चाळीत, सोयरिकीने जोडलेल्या घरांत निम्मे एकीकडे पापनिवेदन करणार आणि निम्मे दुसरीकडे. दोन्हीकडे मिस्सा लॅटिनमध्येच, तीच, शब्दाला शब्द. वाद विधीचा नव्हताच. ज्याच्या हातून मी हे घेतो तो खरा पाद्री आहे की नाही, त्याने दिलेली पापक्षमा वर पोचते की नाही, त्याने लावलेलं लग्न हे लग्न आहे की नाही, असा तो प्रश्न होता. आपल्या सुनेचं लग्न ज्या पाद्र्याने लावलं त्याला अधिकारच नाही असं सासूला मनापासून वाटत असेल, तर त्या घरात जेवताना काय बोलणं होत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

माहीमला हा वाद हातघाईवर आला. १८५३ मध्ये सेंट मायकलच्या बऱ्याच लोकांनी ठरवलं की आता आम्ही पाद्रोआदोकडे जाणार, आणि चर्चसकट जाणार. रोमने नेमलेले बिशप आनास्तासियस हार्टमन हे स्वित्झर्लंडचे कापुचिन संन्यासी होते, स्वभावाने हट्टी. ते माहीमला गेले आणि आपल्या माणसांसह चर्चमध्ये आतून कडी लावून बसले. बाहेर विरुद्ध बाजूने वेढा दिला. आत बिशप, बाहेर त्यांचेच कॅथलिक आणि मध्ये इंग्रज सरकारचे पोलीस, असा तो देखावा दोनेक आठवडे चालला. शेवटी सरकारने दरवाजा उघडायला लावला आणि चर्च पाद्रोआदोच्या हाती गेलं. हरलेल्या बाजूने माहीममध्येच दुसरं चर्च उभारलं, व्हिक्टरी मातेचं. वांद्र्याला सेंट अँड्र्यूजपासून थोडं चाललं की सेंट पीटर्स लागतं, त्याच्यामागेही हीच कहाणी. मुंबईच्या काही भागांत हाकेच्या अंतरावर दोन-दोन जुनी चर्च का, असं कुतूहल अनेकांना असतं. भाविकांची गर्दी हे त्याचं एक कारण झालं, पण काही ठिकाणी खरं कारण भांडण हेच.

१८८७ मध्ये मुंबई-साष्टीच्या मूळ कॅथलिकांनी राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या निमित्ताने स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव लावून घेतलं. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या कॅथलिकांपासून आपण वेगळे आहोत हे सरकारदरबारी ठसवायचं होतं. नाव इंग्रजी, बोली मराठी, प्रार्थना लॅटिन आणि आडनावं पोर्तुगीज. यांतली कुठली परंपरा, असं विचारलं तर चार भावांची चार उत्तरं येतील.

दुहेरी कारभार संपला तो १९२८ च्या एप्रिलमध्ये, रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या कराराने. मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावेत, असं ठरलं. त्याप्रमाणे पहिले आले जोआकिम लिमा, मग १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स. रॉबर्ट्स शहाणा माणूस. ही आळीपाळी हास्यास्पद आहे हे ओळखून त्यांनी इथल्या माणसासाठी वाट मोकळी केली आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले, पुढे भारताचे पहिले कार्डिनल. कागदावर वाद मिटला. पण शंभर-सव्वाशे वर्षं दोन चर्चला जाणारी घरं त्याआधीच सोयरिकी जुळवून, बारशाला एकीकडे आणि मयताला दुसरीकडे जाऊन रुळलेली होती. रोमने सही केली ती उशिरा.

तेच १९२८ साल गोव्यात दुसऱ्याच कारणाने लक्षात ठेवलं जातं. साताऱ्याकडच्या मसूरचे विनायक महाराज मसूरकर यांनी त्या वर्षी गोव्यातल्या कॅथलिक गावड्यांना शुद्धी देऊन हिंदू करून घेतलं. सात-आठ हजारांचा आकडा सांगितला जातो. गावडे हे तिथले मूळ शेतकरी. सोळाव्या-सतराव्या शतकात ते ख्रिस्ती झाले होते, पण धालोचे नाच त्यांनी सोडले नव्हते, शेताच्या राखणदाराला नारळ द्यायचं सोडलं नव्हतं. शुद्धीनंतर त्यांना नाव पडलं नवहिंदू गावडे. जे कॅथलिक राहिले ते वाड्यातल्या वाड्यात राहिले. एका कुळात दोन धर्म झाले. आधीपासून हिंदू असलेल्या गावड्यांनी या नवहिंदूंना सहजी सोयरिकीत घेतलं नाही, त्यामुळे एकाचे तीन झाले. २००३ मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींत घातलं तेव्हा धर्माचा रकाना आड आला नाही. सरकारच्या लेखी ते पुन्हा एक झाले.

अशा वाड्यात कॅथलिक राहिलेल्या एखाद्या बाईचा मी विचार करतो. दीर शुद्ध होऊन आलाय, जाऊ कुंकू लावतेय आणि ही रोज संध्याकाळी क्रूसापुढे मेणबत्ती लावते. तिच्या श्रद्धेला ‘परकी’ म्हणणारे घरातच आहेत. आणि गंमत बघा, दोनशे वर्षांपूर्वी तिच्याच खापरपणजीला ‘पुरेशी ख्रिस्ती नाहीस’ म्हणून धाक घातला गेला होता. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक फर्मान काढलं. ते वाचताना धर्मशास्त्रापेक्षा सासूच्या तक्रारींची यादी वाचल्यासारखं वाटतं: लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, हळद लावायची नाही, पानसुपारी आणि फुलं नातेवाइकांना पाठवायची नाहीत, अंगणात तुळस ठेवायची नाही, भात अळणी शिजवून वरून मीठ घालायचं नाही. हिंदू तसं करतात म्हणून! भातात मीठ आधी की नंतर, यावरून माणसाचा धर्म ओळखायचा. चुलीपर्यंत पोचलेली इतकी बारीक नजर धर्ममार्तंडांची तेवढी असते, एरवी फक्त सासूची.

म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मारियेचं, फेस्त भरतं तेव्हा रांगेत हिंदू बायका तेल घेऊन उभ्या असतात. लोककथा सांगते की सात बहिणी होत्या: शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मोरजीची मोरजाई आणि बाकीच्या. त्यांतली मिराबाई ख्रिस्ती झाली आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण बनली. लईराईच्या जत्रेला, जिथे धोंड निखाऱ्यांवरून चालतात, सायबिणीकडून फुलं जातात आणि सायबिणीच्या फेस्ताला लईराईकडून तेल येतं, असं पूर्वापार सांगतात. एक बहीण कॅथलिक झाली म्हणून बाकीच्यांनी तिला वाळीत टाकलं नाही, वर्षातून एकदा देवघेव चालू ठेवली. दोन्हीकडच्या कडव्या लोकांना ही कथा आवडत नाही. एका बाजूला ती मूर्तिपूजा वाटते, दुसऱ्या बाजूला बाटवलेल्या देवीची खूण. लोक मात्र तेल नेतात.

मोठी फूट, आजच्या अर्थाने, १९६९ मध्ये पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पोप सहावे पॉल यांनी नवी मिस्सा जाहीर केली. त्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपासून ती लागू झाली. याच काळात लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली. फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले. वसईत मिस्सा मराठीत आली. आज वसईच्या चर्चमध्ये रविवारी जे मराठी ऐकू येतं ते इतकं सहज आहे की तिथल्या तरुणांना हे पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचं नवल वाटतच नाही. याच मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मराठी ख्रिस्ती माणसाला आपली भाषा देवळातही मिळाली, हे त्या सुधारणेचं खरं यश.

पण ज्यांनी आयुष्यभर लॅटिन ऐकलं होतं त्यांचं काय? त्यांना एका रविवारी सांगण्यात आलं की काल जे पवित्र होतं ते आज जुनं झालं. युरोपात फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी बंड पुकारलं, १९७० मध्ये आपला संघ काढला आणि १९८८ मध्ये रोमला न जुमानता बिशप नेमून बहिष्कार ओढवून घेतला. इंग्लंडात १९७१ मध्ये लेखक-कलावंतांनी जुनी मिस्सा वाचवा म्हणून पोपला अर्ज केला. सह्या करणाऱ्यांत अगाथा ख्रिस्ती होत्या, ज्या कॅथलिकही नव्हत्या! १९८४ मध्ये थोडी मुभा मिळाली, २००७ मध्ये बेनेडिक्ट सोळाव्यांनी जुन्या मिस्सेचं दार बरंच उघडलं आणि १६ जुलै २०२१ ला फ्रान्सिस यांनी ते पुन्हा ओढून घेतलं. आता बिशपाची परवानगी लागते. पन्नास वर्षांत चार वेळा नियम फिरला. जुन्या वळणाच्या माणसाच्या घरच्यांना म्हणूनच त्याला सांगायला सोपं जातं: अहो, पोपच नको म्हणतायत, तुम्ही कोण?

भारतात या भांडणाला आणखी एक पीळ पडला. १९६९ च्या एप्रिलमध्ये रोमने भारतीय बिशपांचे बारा मुद्दे मान्य केले. चपला बाहेर काढणं, मांडी घालून बसणं, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार, मेणबत्तीऐवजी तेलाची समई, अर्पणाच्या वेळी आरती. बंगळुरूच्या केंद्रातून फादर अमलोरपवदास यांनी हे रुजवायचा प्रयत्न केला. त्याला कडाडून विरोध झाला तो पाद्र्यांपेक्षा लोकांकडून. मद्रासचे व्हिक्टर कुलंदाई यांनी तर चर्चचं मूर्तिपूजकीकरण चाललंय असं म्हणत पुस्तकच लिहिलं. युरोपातला परंपरावादी म्हणतो, माझ्या गावची जुनी रीत परत द्या. इथला परंपरावादी म्हणतो, माझ्या गावची रीत नको, रोमची द्या. आणि त्याच्या घरातला सुधारक मुलगा समई पेटवून म्हणतो, ही तर आपली परंपरा. दोघांनाही शब्द एकच लागतो.

त्यांना कोणी थॉमस स्टीफन्सची आठवण करून द्यायला हवी. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला छापून निघालं, ओवीबद्ध मराठीत, दहा हजारांहून अधिक ओव्या. ज्या लॅटिन मिस्सेला परंपरावादी सनातन मानतात तिची छापील प्रत १५७० ची. म्हणजे ‘सनातन लॅटिन’ आणि ‘मराठी ओवी’ यांच्यात अर्ध्या शतकाचंही अंतर नाही. कोकण-गोव्यातल्या कॅथलिक घरांत दोन्ही एकाच पिढीत शिरल्या.

आणि खरं सांगायचं तर लॅटिन गेलं ते चर्चमधून, घरातून गेलं नाही. गोव्यात आणि मुंबईच्या गावठाणांत आजही लदिन होतं. मे महिन्यात संध्याकाळी क्रूसापुढे किंवा घरच्या आल्तारापुढे शेजारीपाजारी जमतात. मुंबईतले असे बरेच क्रूस १८९६ च्या प्लेगनंतरचे. आधी जपमाळ होते, ती मराठीत, कोकणीत किंवा इंग्रजीत. मग लोरेतोची विनवणी सुरू होते, मारियेच्या नावांची लांबलचक यादी, आणि ती लॅटिनमध्ये. गोव्यात एखादा व्हायोलिन घेऊन बसतो, पॅरिश शाळेत स्वरलिपी शिकलेला माणूस पहिला सूर देतो, बायका वरच्या सुरात, पुरुष खालच्या. एक नाव उच्चारलं की सगळे मिळून तेच तीन लॅटिन शब्द म्हणतात, पन्नासेक वेळा. म्हणणाऱ्यांपैकी लॅटिन कुणालाच येत नाही. पिढ्यान् पिढ्या कानाने घेतल्यामुळे शब्द घासून गोल झालेत, काही तर कोकणी वाटू लागलेत. शेवटी उकडलेले चणे खोबरं घालून वाटले जातात, गोव्यात असेल तर मोठ्यांना फेणीचा घोट. मुलं चण्यासाठीच आलेली असतात. बिशपाच्या परवानगीची इथे गरज पडत नाही, कारण ही मिस्सा नव्हे, घरची प्रार्थना. हे सगळं न पटणारी मंडळीही त्यात असतात. ती येतात, कारण आई वाईट वाटून घेईल.

जुन्या वळणाचा माणूस घरात ओळखू येतो तो लॅटिनमुळे कमी, पोटामुळे जास्त. १९५३ पर्यंत नियम असा होता की मिस्सेत ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा नाही. त्या वर्षी पाण्याला सूट मिळाली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि २१ नोव्हेंबर १९६४ ला एका तासावर. त्यानंतर अकरा दिवसांनी सहावे पॉल मुंबईत उतरले, ओव्हल मैदानावरच्या कॅथलिकांच्या जागतिक परिषदेसाठी. आता साठीच्या पुढच्या, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या कोणी मध्यरात्रीपासूनचा जुना उपवास धरला, तर घरातलं भांडण देवाचं राहत नाही, डॉक्टरचं होतं. ‘एका तासाचा नियम आहे ना?’ हे सुनेचं म्हणणं चुकीचं नाही. ‘नियम आहे, पण मला पुरत नाही’ हे सासूचं म्हणणंही समजण्यासारखं आहे. चर्चचा कायदा इथे सुनेच्या बाजूने आहे आणि सासूला त्याने काही फरक पडत नाही.

शुक्रवारचंही तसंच. शुक्रवारी मांस नाही, हा जुना नियम. पण मासे चालतात, अंडी चालतात. वसईच्या किंवा गोव्याच्या घरात शुक्रवारी पापलेटाचं कालवण म्हणजे प्रायश्चित्त कसलं, चैनच. तोच नियम विदर्भातल्या एखाद्या घरात न्या. तिथे सामिष ते सामिष, मटण आणि मासळी एकाच यादीत, आणि घरातली बाकीची माणसं श्रावणात दोन्ही सोडतात. शुक्रवारी अंड्याची भुर्जी खाऊन ‘आज माझा उपवास’ म्हणणाऱ्या जावयाकडे सासरचे कसे बघतील, सांगायला नको. मासे खाण्यात पुण्य कसलं, या प्रश्नाला रोमकडेही फारसं पटणारं उत्तर नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बायकांनी डोकं झाकावं ही अट १९१७ च्या धर्मकायद्यात होती, १९८३ च्या कायद्यात ती उरली नाही. पण मराठी घरात पदर डोक्यावर घेणाऱ्या बाईला कोणी परंपरावादी म्हणत नाही. तिच्या मुलीने लेसची ओढणी घेतली की मात्र घरचे विचारतात, हे नवीन काय?

मिश्र लग्नांत चर्च जास्त बोलतं. पूर्वी बिगरकॅथलिक जोडीदाराकडूनही हमी घेतली जायची की मुलं कॅथलिक होतील. १९७० मध्ये सहाव्या पॉलनी ती अट सैल केली. १९८३ च्या कायद्याप्रमाणे आता फक्त कॅथलिक बाजू वचन देते की मुलांचा बाप्तिस्मा आणि संस्कार कॅथलिक व्हावेत म्हणून आपल्याला शक्य ते सगळं करीन. दुसऱ्या बाजूला त्या वचनाची कल्पना द्यायची, तिची सही लागत नाही. ‘शक्य ते सगळं’ म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही, आणि सांगत नाही हे बरंच आहे. एकत्र कुटुंबात, जिथे आजी रोज नातवाला मांडीवर घेऊन रामरक्षा म्हणते, तिथे शक्य म्हणजे कधी रविवारची एक मिस्सा, कधी झोपताना क्रूसाची एक खूण. जुन्या कडक वळणाचे लोक याला तडजोड म्हणतात. घरात राहणारे याला संसार म्हणतात.

सगळ्यात अवघड वेळ शेवटची, कारण तेव्हा ज्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे तोच बोलायला नसतो. जंगलापलीकडच्या बस्तरमधलं एक प्रकरण घ्या. तिथल्या एका गावात जानेवारी २०२५ मध्ये एक पास्टर वारले. ते प्रॉटेस्टंट, पण गोष्ट तीच. मुलाला त्यांना गावातच, आपल्या माणसांशेजारी पुरायचं होतं, गावाने नकार दिला. प्रेत तीन आठवडे शवागारात होतं. सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं जुळली नाहीत, शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायचा आदेश झाला. तिथे गाव आडवं आलं होतं. कधी घरच आडवं येतं. आईने मागे सांगून ठेवलेलं असतं की मला पुरा, मिस्सा करा, आणि मुलांना वाटतं की वडिलांसारखीच तिलाही अग्नी द्यावा. मृताची इच्छा घरच्यांनी पाळायची की नाही, हे शेवटी घरचेच ठरवतात.

चर्चने दहनाला १९६३ मध्ये परवानगी दिली, दफन बरं एवढं सुचवून. जुन्या वळणाचे लोक ती सूट वापरत नाहीत. २०१६ मध्ये रोमने नियम केला की अस्थी विखरू नयेत, घरात ठेवू नयेत, कुटुंबात वाटून घेऊ नयेत. एकत्र, पवित्र जागी ठेवाव्यात. ज्या घरात निम्मे लोक दशक्रिया करणार आणि निम्मे मिस्सा लावणार, त्या घरासाठी हा नियम फारच एकसुरी. मग बोलोन्याच्या कार्डिनल झुप्पींनी विचारलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये रोमने उत्तर दिलं: अस्थींचा अगदी थोडा अंश मृताला प्रिय असलेल्या ठिकाणी ठेवायला हरकत नाही, फक्त त्यामागे चुकीची समजूत नसावी. बाकीच्या अस्थी एकत्रच. नदीत विसर्जन चालेल का, याचा उल्लेख त्या उत्तरात नाही, आणि ते विचारायला आपल्याकडून अजून कोणी पत्र लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.